ओल्या व हिमाच्छादित रस्त्यांसाठी मोटारीच्या टायरची निवड : एक विवेचन

सारांश : मोटारीची रस्त्यावरील पकड ही अंतिमतः चार टायरांच्या तळहाताएवढ्या स्पर्शक्षेत्रावर अवलंबून असते. पाणी आणि बर्फ या दोन परिस्थितींत टायरकडून असलेल्या अपेक्षा परस्परविरोधी असतात. त्यामुळे एकच टायर दोन्ही ठिकाणी सारखाच उपयुक्त ठरत नाही. प्रस्तुत लेखात रबराचे गुणधर्म, खाचांची खोली, हवेचा दाब आणि टायरवरील चिन्हे यांच्या आधारे टायरनिवडीचा विचार केला आहे. सह्याद्रीच्या घाटांतील पावसाळी प्रवास हा विवेचनाचा मुख्य संदर्भ असून हिमप्रदेशांचा विचार तुलनेसाठी व हिमाचल-काश्मीरच्या प्रवासापुरता केला आहे.

बीजसंज्ञा : टायर, घर्षण, जलतरंगण, खाचांची खोली, हिवाळी टायर, हवेचा दाब.

प्रस्तावना

ग्रामीण व निमशहरी महाविद्यालयांतील अनेक अध्यापक रोज पन्नास-साठ किलोमीटरचा प्रवास स्वतःच्या मोटारीने करतात. इंधनाचा खर्च वाटून घेता यावा म्हणून चार-चार प्राध्यापक एकाच गाडीतून येतात, हे दृश्य आता सर्वपरिचित आहे. यांतील कित्येकांच्या वाटेत एखादा घाट असतोच. जूनपासून सप्टेंबरअखेरपर्यंत हा रस्ता ओला, वळणांवर शेवाळलेला व धुक्याने भरलेला असतो. गाडी घेताना आपण तिचे मायलेज, रंग, एअरबॅगांची संख्या यांची बारकाईने चौकशी करतो. टायरबाबत मात्र “कंपनीने दिले आहेत ते” एवढेच आपले ज्ञान असते, आणि ते बदलण्याची वेळ आली की दुकानदार जे सुचवील ते आपण घेतो. हा विषय यंत्र अभियांत्रिकीचा मानला जात असला, तरी त्याचा गाभा पदवीच्या पहिल्या वर्षाच्या भौतिकशास्त्रापलीकडे फारसा जात नाही. म्हणूनच कोणत्याही विद्याशाखेच्या वाचकाला तो समजून घेता येईल असे वाटते.

स्पर्शक्षेत्र आणि थांबण्याचे अंतर

मध्यम आकाराच्या मोटारीचे वजन प्रवाशांसह सुमारे १२०० किलो धरले, तर प्रत्येक चाकावर सरासरी ३०० किलोचा भार येतो. टायरमध्ये ३३ पीएसआय दाबाची हवा असेल, तर हा भार पेलण्यासाठी सुमारे १३० चौरस सेंटिमीटर क्षेत्र रस्त्याला टेकावे लागते. म्हणजे साधारण १५ सेंटिमीटर रुंद व ९ सेंटिमीटर लांब असा एक तुकडा. असे चार तुकडे मिळून गाडीला धरून ठेवतात. ब्रेक हे चाकाला थांबवतात. गाडीला थांबवतो तो टायर. एबीएस यंत्रणा चाक जखडू देत नाही, त्यामुळे वळवण्याची क्षमता टिकते. परंतु जी पकड मुळात नाही ती कोणतीही यंत्रणा निर्माण करू शकत नाही. चारही चाकांना इंजिनाची शक्ती मिळणाऱ्या गाड्यांबाबतही हेच खरे आहे. अशी गाडी चढावर निघते चांगली. उतारावर थांबताना मात्र ती इतर गाड्यांसारखीच असते.

थांबण्याचे अंतर वेगाच्या वर्गाच्या सम प्रमाणात व घर्षणगुणांकाच्या व्यस्त प्रमाणात असते. ताशी ६० किलोमीटर वेगासाठी हिशेब केल्यास, घर्षणगुणांक ०.८ (कोरडा डांबरी रस्ता) असताना ब्रेक लागल्यापासून सुमारे १८ मीटर, ०.५ (ओला रस्ता) असताना २८ मीटर, ०.२ (दाबला गेलेला बर्फ व साधा टायर) असताना ७१ मीटर आणि ०.१ (गोठलेल्या पाण्याचा काचेसारखा थर) असताना सुमारे १४२ मीटर अंतर लागते. चालकाला भान येऊन पाय ब्रेकवर पडेपर्यंत गाडी जे अंतर कापते, ते यात धरलेले नाही. गुणांकाची ही मूल्ये प्रातिनिधिक आहेत. प्रत्यक्षात टायर, पृष्ठभाग व तापमान यांनुसार ती बदलतात. टायरची निवड म्हणजे याच गुणांकाची निवड होय.

पाण्यावरील टायर

ओल्या रस्त्यावर टायरला प्रथम पाणी बाजूला सारावे लागते, मगच रबर रस्त्याला भिडते. ताशी ८० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या गाडीच्या टायरखालचा ९ सेंटिमीटरचा तुकडा रस्त्यावरील एखाद्या बिंदूवरून सेकंदाच्या हजारातील चार भागांत निघून जातो. रस्त्यावर ३ मिलिमीटर पाणी साचले असेल, तर या वेगाला प्रत्येक टायरला दर सेकंदाला सुमारे १० लिटर, म्हणजे जवळजवळ एक छोटी बादलीभर पाणी हटवावे लागते. हे पाणी जाण्यासाठीच टायरवर खाचा असतात. परिघाभोवती फिरणाऱ्या रुंद उभ्या खाचा पाणी मागे नेतात व आडव्या खाचा ते बाजूला फेकतात. पुष्कळांची समजूत अशी असते की खाचांमुळे टायर रस्त्याला ‘धरतो’. वस्तुतः कोरड्या, स्वच्छ डांबरावर बिनखाचेचा टायर अधिक चांगला धरतो. शर्यतीच्या गाड्या कोरड्या धावपट्टीवर तसेच टायर वापरतात. खाचा आहेत त्या पावसासाठी.

पाणी हटवण्याचा वेग अपुरा पडला की टायरच्या पुढे पाण्याची पाचर तयार होते, तिचा दाब वाढतो आणि टायर रस्त्यावरून उचलला जाऊन पाण्यावर तरंगू लागतो. यास जलतरंगण (हायड्रोप्लेनिंग) म्हणतात. विमानांच्या चाकांबाबत या घटनेचा पद्धतशीर अभ्यास अमेरिकेच्या नासा संस्थेच्या लँगली केंद्रात वॉल्टर हॉर्न व त्यांच्या सहकाऱ्यांनी केला व तो १९६३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातून आलेले सूत्र आजही उद्धृत केले जाते : तरंगणाचा वेग (मैल प्रतितास) = १०.३५ × √दाब (पीएसआय). खाचांपेक्षा पाण्याची खोली जास्त असेल, किंवा टायर गुळगुळीत असेल, तेव्हा हे सूत्र लागू पडते. मोटारीच्या टायरची स्पर्शक्षेत्राची ठेवण निराळी असल्याने त्याचे उत्तर अंदाज म्हणूनच घ्यावे. पण त्यातून निघणारा बोध महत्त्वाचा आहे. ३३ पीएसआय दाबाला हा वेग ताशी सुमारे ९६ किलोमीटर येतो, तर २५ पीएसआयला तो ८३ वर उतरतो.

आपल्याकडे “पावसात हवा थोडी कमी ठेवावी, म्हणजे पकड वाढते” असा सल्ला पंक्चरवाल्यापासून नातेवाइकांपर्यंत सर्वजण देतात. चिखलात वा वाळूत रुतलेल्या गाडीसाठी तो खराही आहे, कारण तेथे भार अधिक क्षेत्रावर पसरणे हिताचे असते. पाणी साचलेल्या महामार्गावर मात्र तो नेमका उलटा परिणाम घडवतो. दाब कमी झाला की टायरचा मधला भाग आत दबतो, खाचा आवळल्या जातात आणि तरंगण कमी वेगाला सुरू होते. चालकाच्या बाजूच्या दरवाज्याच्या चौकटीवर उत्पादकाने छापलेला दाब हाच पावसाळ्यातही योग्य दाब होय. तो टायर थंड असताना तपासावा. वीस किलोमीटर गाडी चालवून पंपावर गेल्यास काटा जास्त दाखवतो.

रुंद टायरांचा मोहही याच ठिकाणी तपासून पाहिला पाहिजे. मूळ १८५ मिलिमीटरऐवजी २०५ किंवा २१५ मिलिमीटरचे टायर बसवून गाडी ‘भारदस्त’ दिसते व कोरड्या वळणावर बरी वाटते. परंतु तेवढाच भार रुंद व आखूड स्पर्शक्षेत्रावर आल्यामुळे पाणी बाहेर पडण्यास अंतर जास्त आणि अवधी कमी उरतो. पावसाळी प्रदेशात राहणाऱ्याने मूळ आकारच ठेवणे श्रेयस्कर.

तरंगणास वेग लागतो; पहिल्या पावसातील घसरण मात्र ताशी तीस-चाळीसच्या वेगालाही होते. तिचे कारण निराळे आहे. चार-पाच महिन्यांत रस्त्यावर साठलेली धूळ, तेलाचे थेंब व रबराचा चुरा पहिल्या सरींनी कालवला जाऊन एक पातळ बुळबुळीत थर बनतो. खोल खाचांचा येथे फारसा उपयोग नसतो. हा थर फोडण्याचे काम रबराच्या ठोकळ्यांच्या तीक्ष्ण कडा व त्यांवरील सूक्ष्म चिरा करतात, आणि डांबराचा खडबडीतपणा त्यास साहाय्य करतो. जेथे अवजड वाहनांनी डांबर घासून चकचकीत केलेले असते, त्या घाटातील वळणांवर हे साहाय्यही मिळत नाही.

१.६ मिलिमीटरचा प्रश्न

केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार मोटारीच्या टायरच्या खाचांची खोली किमान १.६ मिलिमीटर असली पाहिजे. खाचांच्या तळाशी याच उंचीचे रबराचे छोटे उंचवटे दिलेले असतात व टायरच्या बाजूवर त्यांची जागा दाखवणारी खूण असते. झीज त्यांच्याशी समतल झाली की टायर कायद्याने बाद ठरतो. प्रश्न असा की, कायद्याने चालतो तो टायर घाटात चालतो काय?

नव्या टायरची खोली साधारण ८ मिलिमीटर असते. १.६ वर पोहोचेपर्यंत पाणी वाहून नेण्याची जागा जवळजवळ एकपंचमांश राहिलेली असते. रस्त्यावर ३ मिलिमीटर पाणी असताना १.६ मिलिमीटरच्या खाचेत ते मावणारच नाही, हे सांगण्यास प्रयोगाची आवश्यकता नाही. म्हणूनच जर्मनीतील एडीएसी ही मोटारचालकांची संघटना उन्हाळी टायर ३ मिलिमीटरला व हिवाळी टायर ४ मिलिमीटरला बदलण्याची शिफारस करते, जरी तेथीलही कायदेशीर मर्यादा १.६ हीच आहे. माझ्या मते कोकण, घाटमाथा किंवा पश्चिम महाराष्ट्रातील नियमित प्रवाशाने हीच ३ मिलिमीटरची मर्यादा स्वतःसाठी मानावी, आणि मोजणी मे महिन्यातच करावी. ऑगस्टमध्ये टायर ‘गोटा’ झाल्याचे लक्षात येण्यात अर्थ नाही. मराठवाडा-विदर्भातील कोरड्या पट्ट्यात फिरणाऱ्याला हाच टायर आणखी काही हजार किलोमीटर वापरता येईल; तेथे झिजेपेक्षा उष्णता व कमी हवा यांमुळे टायर फुटण्याचा धोका मोठा आहे.

खोली मोजण्यासाठी स्वस्तातले मापक मिळते. ते नसल्यास भौतिकशास्त्र विभागातील व्हर्निअर कॅलिपरच्या मागच्या टोकाला असलेली खोली मोजण्याची पट्टी वापरावी. प्रयोगशाळा परिचर हसतील, पण मोजमाप अचूक येईल. आतील कड, मध्य व बाहेरील कड अशा तीन ठिकाणी मोजावे. मध्य जास्त झिजला असेल तर हवा जास्त, दोन्ही कडा झिजल्या असतील तर हवा कमी, आणि एकच कड झिजली असेल तर अलाइनमेंट बिघडलेली, असे निदान बहुधा बरोबर ठरते.

खोली पुरेशी असूनही टायर निकामी असू शकतो. वापर कमी असलेल्या गाड्यांत हे हमखास आढळते. ऑक्सिजन, ऊन व उष्णता यांमुळे रबर कालांतराने कडक होते व ओल्या रस्त्याच्या सूक्ष्म खडबडीतपणात शिरण्याची त्याची क्षमता घटते. टायरच्या बाजूवर डीओटी अक्षरांनी सुरू होणाऱ्या संकेताच्या शेवटी चार अंक असतात : ‘२३१९’ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नवा टायर घेताना हे अंक वाचावेत व दोन-तीन वर्षे गोदामात पडलेला माल नाकारावा. पाच वर्षांनंतर दरवर्षी तपासणी करून घ्यावी आणि बाजूच्या भिंतीवर भेगा दिसल्या तर खाचा कितीही खोल असोत, टायर बदलावा. स्टेपनीलाही हा नियम लागू आहे, हे सहसा विसरले जाते.

रबराची जात

ओल्या रस्त्यावरील पकड दोन मार्गांनी मिळते. एक, रबराचे रेणू पृष्ठभागाला चिकटल्याने; दुसरा, पृष्ठभागाच्या उंचसखलपणावरून घसरताना रबर दबते व परत फुगते तेव्हा त्यात ऊर्जा खर्ची पडल्याने. पाण्याच्या थराने पहिला मार्ग क्षीण होतो आणि दुसऱ्यावर भिस्त उरते. म्हणजे ओल्या पकडीसाठी रबराने ऊर्जा ‘खाल्ली’ पाहिजे. पण हेच ऊर्जा खाणे चाक नुसते फिरत असतानाही चालू राहिले, तर इंधन जास्त लागते. पकड, इंधनबचत आणि टिकाऊपणा या तिहींत एक वाढवले की दुसरे घटते, ही टायर उद्योगाची जुनी अडचण होती. नशिबाने दोन्ही क्रिया वेगवेगळ्या कंपनसंख्येला घडतात : चाक सेकंदाला दहा-पंधरा वेळा फिरते, तर घसरताना रबराला सेकंदाला हजारो धक्के बसतात. मिशेलिन कंपनीने १९९२ च्या सुमारास काजळीऐवजी मोठ्या प्रमाणात सिलिका वापरलेले टायर बाजारात आणले, त्यात या फरकाचा लाभ घेतला आहे. आजचे बहुतेक चांगले मोटारटायर सिलिकायुक्त असतात.

ग्राहकाच्या दृष्टीने याचा अर्थ असा की, “हा टायर एक लाख किलोमीटर चालतो” ही जाहिरात पावसाळी प्रदेशात गुणाइतकीच शंकेची बाब आहे. टायरच्या बाजूवर अनेकदा ‘ट्रेडवेअर’ हा अंक आणि ‘ट्रॅक्शन’ ही एए, ए, बी, सी अशी श्रेणी छापलेली असते. ही अमेरिकन पद्धत आहे. ट्रॅक्शनची श्रेणी ओल्या डांबरावर व काँक्रीटवर सरळ रेषेत ब्रेक लावून ठरवली जाते. वळणावरील पकडीविषयी ती काही सांगत नाही. तरीही बी वा सी श्रेणीचा टायर घाटातील प्रवासासाठी घेऊ नये. युरोपीय महासंघाने नोव्हेंबर २०१२ पासून इंधन, ओली पकड व आवाज यांचे लेबल सक्तीचे केले आणि मे २०२१ पासून सुधारित लेबल आणले. त्यात ओल्या पकडीच्या ए ते ई श्रेणी आहेत व बर्फासाठी स्वतंत्र चिन्हे आहेत. भारतात केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने २८ जून २०२२ च्या अधिसूचनेने लोटन-विरोध, ओली पकड व आवाज यांची किमान मानके लागू केली. नव्या रचनेच्या टायरांसाठी ती १ ऑक्टोबर २०२२ पासून अमलात आली. किमान मानक ही उत्तीर्ण होण्याची अट आहे, गुणपत्रिका नव्हे, हे अध्यापकांना वेगळे सांगावयास नको. रिमोल्ड टायर मोटारीला बसवण्याचा विचार तर पावसाळ्यात करूच नये.

दोनच टायर बदलायचे असल्यास

चारही टायर एकदम घेणे प्राध्यापकांच्याही खिशाला जड जाते, आणि पुढच्या चाकांना शक्ती मिळणाऱ्या गाड्यांत पुढचे टायर आधी झिजतात. गॅरेजवाले नवे दोन टायर साहजिकच पुढे बसवतात. हे चूक आहे. नवे टायर मागे असावेत व मागचे, अर्धे झिजलेले, पुढे यावेत. पुढची चाके पाण्यावर तरंगली तर गाडी सरळ जाऊ पाहते. स्टिअरिंग हलके लागते, चालकाला सूचना मिळते, आणि ॲक्सिलरेटरवरून पाय काढल्यावर बहुधा पकड परत येते. मागची चाके तरंगली तर गाडीची शेपटी बाहेर फेकली जाऊन ती स्वतःभोवती फिरते, आणि तीतून सावरण्याचे कौशल्य सामान्य चालकाकडे नसते. दरीच्या बाजूच्या वळणावर या दोहोंतील फरक काय असू शकतो, याची कल्पना केलेली बरी. दुकानात हा आग्रह धरल्यास वाद होतो, असा अनेकांचा अनुभव आहे, तो घालावा.

बर्फावरील टायर

पावसाळी टायरने पाणी बाहेर टाकावे अशी अपेक्षा असते; हिवाळी टायरने बर्फ धरून ठेवावा लागतो. भुसभुशीत बर्फ खाचांत व ठोकळ्यांवरील असंख्य सूक्ष्म चिरांत दाबून भरला जातो, आणि बर्फावर बर्फ हा रबरापेक्षा चांगला अडतो. दोन्ही मुठींत बर्फ घेऊन त्यांचा एक गोळा होतो, तोच हा गुण. दुसरा भेद रबराचा. साधे टायर सुमारे ७ अंश सेल्सिअसखाली कडक होऊ लागतात. हिवाळी टायरचे मिश्रण गोठणबिंदूखालीही मऊ राहते. उलट हेच मऊ रबर उन्हाळ्यात झपाट्याने झिजते व ओल्या उबदार रस्त्यावर अधिक अंतर घेते. म्हणून उत्तर युरोपात व कॅनडात ऋतूनुसार टायर बदलण्याची रीत आहे. फिनलंडमध्ये १९३४ मध्ये मालमोटारींसाठी खास हिवाळी टायर तयार झाला व १९३६ मध्ये मोटारींसाठी ‘हाक्कापेलिटा’ या नावाचा. कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात १ डिसेंबर ते १५ मार्च हिवाळी टायर सक्तीचे आहेत. जर्मनीत तारखा नाहीत. रस्त्यावर बर्फ वा गोठलेला थर असेल तेव्हा ते असलेच पाहिजेत, असा नियम २०१० पासून आहे. तेथे नोकरीनिमित्त गेलेल्या आपल्या माजी विद्यार्थ्यांनी जुनी गाडी घेताना ही बाब आवर्जून पाहावी.

येथे चिन्हांचा घोटाळा लक्षात घेतला पाहिजे. ‘एम अधिक एस’ म्हणजे चिखल व बर्फ, ही खूण केवळ खाचांच्या ठेवणीवरून उत्पादक स्वतः देतो. तीमागे चाचणी नसते. आपल्याकडील अनेक एसयूव्हींच्या टायरांवर ती असते आणि मालकाला वाटते की गाडी बर्फासाठी सज्ज आहे. खरे चिन्ह तीन शिखरांचा पर्वत व त्यात हिमकण हे होय. प्रमाण टायरच्या तुलनेत दाबलेल्या बर्फावरील पकड ठरावीक प्रमाणात अधिक भरल्यासच ते मिळते. जर्मनीत २०२४ च्या ऑक्टोबरपासून हेच एक चिन्ह ग्राह्य आहे.

बर्फ आणि काचेसारखा गोठलेला थर यांतही भेद करावा लागतो. शून्य अंशाच्या आसपास या थरावर पाण्याचे सूक्ष्म पटल असते व घसरण सर्वाधिक होते. उणे वीसला तीच पृष्ठे तुलनेने बरी धरतात. घर्षणगुणांक ०.१ असेल, तर दहास एक या उतारावर उभी केलेली गाडीही आपोआप घसरू लागते. चालत्या गाडीला थांबवणे तेथे अशक्यच. अटल बोगदा ३ ऑक्टोबर २०२० रोजी खुला झाल्यापासून मनालीहून लाहौलकडे हिवाळ्यातही पर्यटक जाऊ लागले आहेत आणि त्यांत डिसेंबरच्या सुटीत स्वतःची गाडी घेऊन निघालेले मराठी कुटुंबही असते. पुण्यात ३० अंशांना ३३ पीएसआय हवा भरली, तर उणे ५ अंशांना तापमानामुळे दाब सुमारे साडेपाच पीएसआयने उतरतो. उंचीवर बाहेरची हवा विरळ असल्याने काट्यावर सुमारे दोन परत मिळतात. निव्वळ तूट तीनची राहते. ती तेथे सकाळी थंड टायर असताना भरून घ्यावी.

हिवाळी टायर आपल्या बाजारात सहज मिळत नाहीत व आठ दिवसांसाठी ते घेणे परवडणारेही नाही. तेथे व्यवहार्य मार्ग साखळ्यांचाच आहे. तनमर्ग ते गुलमर्ग या चढावर बर्फ असताना स्थानिक चालक त्या लावूनच गाडी काढतात. साखळी ज्या चाकांना इंजिनाची शक्ती मिळते त्यांना लावावी. बहुतेक लहान गाड्यांत ती पुढची असतात. मात्र तशा स्थितीत उतारावर मागची बाजू मोकळीच राहते, म्हणून शक्य असल्यास चारही चाकांना लावाव्यात. ती टायरच्या आकाराचीच असावी, ताशी चाळीसच्या वर वेग नेऊ नये, आणि घरून निघण्यापूर्वी अंगणात एकदा चढवून-उतरवून पाहावी. बर्फ संपून डांबर लागले की ती लगेच काढावी, अन्यथा टायर व रस्ता दोहोंची हानी होते. आणि आकाश ढगाळ असताना स्थानिक टॅक्सीचालक वर जाण्यास नकार देत असेल, तर गाडी खालीच ठेवावी.